झोप जाते कुठे? – चहा, कॉफी आणि आपला मेंदू



मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव तसे लहान. एकीकडे भाताची खाचरे आणि दुसरीकडे, थोड्याच अंतरावर, हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत. अशा गावात चहा दिवसभर कामावर असतो. भातलावणीच्या दिवशी तो किटलीतून बांधावर येतो. रात्रपाळीला निघालेला तरुण टपरीशी दुचाकी थांबवून ‘कटिंग’ घेतो. परीक्षा जवळ आली की दहावीच्या मुलांच्या घरी रात्री दहानंतर पुन्हा एकदा चहाचे पातेले गॅसवर चढते. तिघांचीही अपेक्षा एकच असते : थकवा जावा, झोप उडावी, तरतरी यावी.

अनुभव असा की तरतरी येते. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबून विचारले पाहिजे की ती येते कोठून? दूध-साखर न घातलेल्या चहात ऊर्जा जवळजवळ नसतेच, आणि तरीही तो घेतला की झोप उडते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हे तर तुम्ही आठवी-नववीतच शिकलात. मग थकव्याचे झाले काय? उडालेली झोप गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधणार आहोत. परीक्षेच्या आदल्या रात्री किती चहा प्यावा, हा व्यवहारातला प्रश्नही त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

चहातले ते द्रव्य कोणते?

आज उपवासालाही चालणारा चहा आपल्याकडे फार जुना नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात चहा-बिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मंडळी तेथे हजर होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि केवढे तरी वादळ उठले. ख्रिस्ती मिशनात चहा घेतला म्हणून ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि काहींनी प्रायश्चित्तही घेतले. तो वाद धर्माचा होता. चहा शरीरात काय करतो, हा प्रश्न त्याआधीच युरोपातल्या प्रयोगशाळांत विचारला जात होता.

१८१९ साली जर्मनीत रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने एका विषारी वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे गटे या महाकवीला करून दाखविले. गटेला विज्ञानाची फार गोडी. त्याने खूश होऊन रुंगेला कॉफीच्या काही बिया दिल्या आणि यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचविले. रुंगेने त्यांतून पांढरे, कडवट, स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. तेच कॅफीन. पुढे १८२७ मध्ये चहातूनही एक द्रव्य मिळाले. त्याला ‘थेईन’ असे निराळे नाव दिले गेले. पण काही वर्षांतच ध्यानात आले की थेईन आणि कॅफीन एकच! कॅफीनच्या रेणूची रचना एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निश्चित केली. त्याचे सूत्र C ऐवजी मराठीत सांगायचे तर असे : कार्बनचे ८ अणू, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २.

कॅफीन गार पाण्यात थोडे विरघळते, पण उकळत्या पाण्यात त्याच्या सुमारे तीसपट विरघळते. म्हणून चहा उकळला की ते पुडीतून झपाट्याने बाहेर येते. पूड बारीक असेल तर पाण्याच्या संपर्कात येणारे पृष्ठफळ वाढते आणि काम आणखी लवकर होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि दळलेल्या बियांच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. हे आकडे जवळ ठेवा, पुढे लागतील.

कुलूप एक, किल्ल्या दोन

आता मेंदूत शिरू. मेंदूतील मज्जापेशींना कामासाठी ऊर्जा लागते. ती त्यांना ए.टी.पी. म्हणजे ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट या रेणूच्या विघटनातून मिळते. दिवसभर हा व्यवहार चालू असतो, आणि त्यातून ॲडेनोसीन हा पदार्थ मज्जापेशींच्या भोवती हळूहळू साचत जातो. जितका वेळ तुम्ही जागे, तितके ॲडेनोसीन अधिक. झोपेत त्याचे प्रमाण पुन्हा उतरते.

मज्जापेशींच्या पृष्ठभागावर ॲडेनोसीनसाठी खास जागा असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही हे कुलूप समजा आणि ॲडेनोसीन ही त्याची किल्ली. किल्ली कुलपात बसून फिरली की पेशीला संदेश मिळतो : ‘काम कमी कर, विश्रांतीची वेळ झाली.’ अशी पुष्कळ कुलपे फिरली की आपल्याला जांभया येतात, पापण्या जड होतात.

कॅफीनच्या रेणूचा घाट ॲडेनोसीनच्या एका भागासारखा आहे. दोघांतही एकमेकांना जोडलेली तशीच दोन वलये आहेत. त्यामुळे कॅफीन त्या कुलपात बसते. मात्र फिरत नाही. चुकीची किल्ली कुलपात अडकून बसावी, तसे ते जागा अडवून ठेवते. खरी किल्ली बाहेर ताटकळत राहते आणि विश्रांतीचा संदेश पेशीपर्यंत पोचत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. कॅफीन मेंदूला ऊर्जा पुरवीत नाही. थकव्याची बातमी तेवढी अडविते. शाळेच्या घंटेला फडके गुंडाळले तर टोल ऐकू येणार नाही, पण त्यामुळे घड्याळ थांबत नाही. चहा घेतल्यावरही ॲडेनोसीन साचतच राहते. कॅफीन ओसरले की साचलेल्या सगळ्या किल्ल्या एकदम कुलपांकडे धावतात, आणि आधीपेक्षा जास्त पेंग येते. उडालेली झोप कुठे गेलेली नसते. दाराबाहेर थांबलेली असते.

विचार, मनःस्थिती आणि सावधपणा

कॅफीनने बुद्धी वाढते का? याचे उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. ज्या कामात दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते आणि चटकन प्रतिसाद द्यावा लागतो, तिथे त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. रात्रीचा पहारा, लांबचा प्रवास, कंटाळवाणी तपासणी ही अशी कामे. माणूस आधीच थकलेला असेल तर हा फायदा अधिक जाणवतो. पण भूमितीतील अवघड प्रमेय समजणे, निबंधाची मांडणी करणे, नवीन संकल्पना आत्मसात करणे या कामांत कॅफीनची मदत फार थोडी. जागे राहणे आणि समजणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

मनःस्थितीचेही तसेच. ॲडेनोसीनचे काही ग्राही डोपामीन या दुसऱ्या संदेशवाहक द्रव्याच्या कामाला आवर घालतात. कॅफीनने ते अडले की डोपामीनचा प्रभाव वाढतो आणि माणसाला हुरूप वाटतो. पण मात्रा वाढली तर हुरूप मागे पडतो आणि छाती धडधडणे, हात थरथरणे, उगाच काळजी वाटणे सुरू होते. तंबोऱ्याची तार सैल असली तर वाजत नाही आणि फार ताणली तर बेसूर होते, तुटतेही. ज्या मुलाला परीक्षेची आधीच धास्ती आहे, त्याची तार चहाने आणखी ताणली जाते.

इथे एक शंका घेण्याजोगी आहे. चहाची तरतरी खरोखर कॅफीनची, की उष्ण घोटाची, साखरेची, चार मित्रांच्या गप्पांची? हे वेगळे काढण्याची युक्ती हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९११ साली वापरली. कोका-कोला कंपनीवर सरकारने खटला भरला होता आणि पेयातील कॅफीन अपायकारक आहे का, हा त्यातला प्रश्न होता. हॉलिंगवर्थने १६ जणांना कधी कॅफीन भरलेल्या कुप्या दिल्या, तर कधी दिसायला हुबेहूब पण कॅफीन नसलेल्या. आज आपण काय घेतले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे, आणि चाचणी घेणाऱ्यालाही नसे. पैसा कंपनीचा असल्याने त्याने आधीच अट घातली होती की निष्कर्ष काहीही निघोत, ते प्रसिद्ध करता आले पाहिजेत. असे ‘डोळे बांधून’ केलेले प्रयोग आज औषधांच्या चाचणीत नित्याचे झाले आहेत.

रोज चहा घेणाऱ्याची सकाळ

‘सकाळी चहा घेतल्याशिवाय माझे डोके चालत नाही,’ असे म्हणणारे तुमच्या घरात कोणी ना कोणी असेलच. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याचे कारण वेगळे आहे. रोज कुलपे अडली जातात म्हटल्यावर मेंदूही त्या परिस्थितीला सरावतो आणि कॅफीनचा परिणाम कमी होत जातो. मग एखादे दिवशी कॅफीन मिळाले नाही की साधारण १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, कंटाळा येतो, चिडचिड होते. हा त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतो.

रात्रभराच्या झोपेत कॅफीन ओसरलेले असते. त्यामुळे सकाळचा पहिला कप बराचसा ही उणीव भरून काढण्याचेच काम करतो. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठात ३७९ जणांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आढळले. नेहमी भरपूर कॅफीन घेणारे लोक ते घेतल्यावर सावधपणाच्या ज्या पातळीला आले, ती पातळी फारसे कॅफीन न घेणाऱ्यांना ते न घेताच लाभलेली होती!

परीक्षेच्या रात्रीचा हिशोब

पोटात गेलेले कॅफीन पाऊण तासात जवळजवळ सगळे रक्तात उतरते. मग यकृत ते हळूहळू मोडू लागते. मोडण्याचा वेग शिल्लक कॅफीनच्या प्रमाणात असतो. असा नियम तुम्ही कोठे वाचला आहे? किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या धड्यात! म्हणून कॅफीनलाही अर्धायुष्यकाल असतो. प्रौढ माणसात तो सरासरी ५ तास धरतात. फरक एवढाच की रेडियमचा अर्धायुष्यकाल कोणालाही बदलता येत नाही; कॅफीनचा मात्र माणसागणिक बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी भरतो, गर्भवती स्त्रियांत दुप्पट-तिप्पट होतो, आणि नवजात बालकात तर काही दिवसांचा असतो, कारण त्याचे यकृत अजून या कामाला तयार झालेले नसते.

आता समजा, चांदे गावातील दहावीच्या एका मुलीने परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ४, संध्याकाळी ७, रात्री १० आणि रात्री १ वाजता एकेक कप चहा घेतला. प्रत्येक कपात ४० मिलिग्रॅम कॅफीन आणि अर्धायुष्यकाल ५ तास धरू. रक्तात उतरायला लागणारा वेळ सोयीसाठी सोडून देऊ. पहाटे ३ वाजता ती पुस्तक मिटून आडवी होते. त्या वेळी शरीरात उरलेले कॅफीन असे :

दुपारी ४ चा कप (११ तास झाले) – ८.७ मि.ग्रॅ.
संध्याकाळी ७ चा कप (८ तास झाले) – १३.२ मि.ग्रॅ.
रात्री १० चा कप (५ तास झाले) – २०.० मि.ग्रॅ.
रात्री १ चा कप (२ तास झाले) – ३०.३ मि.ग्रॅ.
एकूण – ७२.२ मि.ग्रॅ.

म्हणजे जवळजवळ दोन कप चहा नुकताच पिऊन ती झोपायला गेली आहे! झोप उशिरा लागेल, आणि लागली तरी तिची गाढ निद्रा कमी होईल. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या तब्बल ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरी झोपेत एका तासाहून अधिक घट झाली. ही मात्रा आपल्या विद्यार्थिनीच्या मात्रेपेक्षा मोठी आहे हे खरे. पण तिचा शेवटचा कप तर झोपण्याच्या केवळ दोन तास आधीचा आहे.

सकाळी ८ वाजता ती उठते. अकरा वाजता प्रश्नपत्रिका हातात पडते तेव्हा कॅफीन उरलेले असते अवघे २४ मिलिग्रॅमच्या आसपास. घंटेवरचे फडके सुटत आलेले असते आणि अपुऱ्या झोपेमुळे न उतरलेले ॲडेनोसीन मात्र हजर असते. जिथे सावध राहायचे, नेमकी तिथेच पेंग.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत चालते. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की काही पाठ करून लगेच झोपले, तर तितकाच वेळ जागे राहण्यापेक्षा विस्मरण कमी होते. पुढच्या संशोधनाने गाढ निद्रेचे हे महत्त्व अधिकच स्पष्ट केले. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. म्हणजे रात्री जागून ज्या दोन तासांत आपण एक धडा अधिक वाचतो, त्याच दोन तासांत आधीचे धडे पक्के व्हायचे राहून जातात.

किती आणि केव्हा?

म्हणून चहा हा काही शत्रू नव्हे. दुपारी घेतलेला एखादा कप निरोगी मुलाचे काही बिघडवीत नाही. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी सुचविलेली दिवसाची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ३ मिलिग्रॅम अशी आहे. ४५ किलोग्रॅम वजनाच्या मुलीसाठी ती १३५ मिलिग्रॅम होते. वरील उदाहरणातील चार कपांची बेरीज १६० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादा ओलांडलीच.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवा. पहिली, जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला बांधून ठेवते आणि लोह कमी शोषले जाते. आधी व नंतर एकेक तास सोडावा, असे राष्ट्रीय पोषण संस्था सुचविते. लोह कमी पडले की पंडुरोग होतो, थकवा येतो, आणि थकवा घालवायला माणूस पुन्हा चहाच घेतो! दुसरी, दुकानात डब्यांतून मिळणारी ‘एनर्जी ड्रिंक’ नावाची पेये. त्यांच्या नावातली ऊर्जा साखरेची असते, जाग आणणारे असते ते कॅफीनच. आपल्याकडील नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकते, आणि ते मुलांसाठी योग्य नाही अशी सूचना डब्यावर छापावी लागते. ती वाचा.

करून पाहा

सावधपणा मोजण्यासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी पुरे. मित्राने पट्टी वरून उभी धरावी. तुम्ही शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडा. पट्टी जितके अंतर पडली, त्यावरून s = ½gt² या सूत्राने तुमचा प्रतिक्रियाकाल निघतो.

१० सेंमी – ०.१४३ सेकंद
१५ सेंमी – ०.१७५ सेकंद
२० सेंमी – ०.२०२ सेकंद
२५ सेंमी – ०.२२६ सेकंद

दर वेळी दहा वाचने घ्या. सरावाने हात सुधारतो, म्हणून पहिले काही दिवस नुसता सराव करा. नंतर रोज ठराविक वेळी वाचन घेऊन आदल्या रात्री किती तास झोप झाली तेही वहीत लिहा. दोन आठवड्यांनी झोपेचे तास आणि प्रतिक्रियाकाल यांचा आलेख काढा. जे नेहमी चहा घेतात त्यांनी चहापूर्वी आणि चहानंतर पाऊण तासाने वाचन घ्यावे. वाचन टिपणाऱ्याला मात्र चहा झाला की नाही, हे सांगू नये. प्रयोगासाठी म्हणून मुद्दाम चहा सुरू करू नका आणि मुद्दाम जागरणही करू नका. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज घेता येईल. प्रत्येक वाचनाचा आधी काळ काढावा आणि मग सरासरी घ्यावी. आधी अंतरांची सरासरी घेतल्यास उत्तर किंचित वेगळे येते. का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.

थोडा विचार करा

१. वरील मुलीने ७, १० आणि १ वाजताचे कप गाळून फक्त दुपारी ४ चा कप घेतला आणि ती रात्री १० वाजता झोपली, तर झोपताना किती कॅफीन उरेल?
२. अर्धायुष्यकाल ५ ऐवजी १० तास असेल, तर हाच हिशोब कसा बदलेल?
३. चहापेक्षा झोपेने थकवा खऱ्या अर्थाने जातो, हे ॲडेनोसीनच्या आधारे चार वाक्यांत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट लिहिता आले, त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक केव्हा मिटायचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.